लंडनमधल्या बिबड्या

परदेशी शिकायला गेलेल्या माणसाविषयी आपल्याला दोनच गोष्टी कळून घ्यायच्या असतात: तो गेला केव्हा, आणि परत आला तो काय होऊन. मधल्या दिवसांचे आपल्याला काही देणेघेणे नसते. चरित्रकारही बहुधा याच वळणाचे. एका परिच्छेदात बोट सुटली, की पुढच्या परिच्छेदात पदवी हातात! त्या दोन परिच्छेदांच्या सांदीत हजारभर दिवस असतात आणि त्यांतल्या प्रत्येक दिवशी त्या माणसाला भूक लागलेली असते, हे कुणी ध्यानात घेत नाही.

मीही घेतले नसते. पण आमच्या म्हसावदजवळच्या एका पाड्यावरचा मुलगा, माझा जुना विद्यार्थी, शिष्यवृत्ती मिळवून लंडनला अर्थशास्त्र शिकायला गेला. म्हसावद म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातले, शहाद्याहून तोरणमाळला निघालात की वाटेत लागणारे गाव. एका अंगाला ऊस, केळी, पपई. दुसऱ्या अंगाला सातपुडा. इथल्या माणसाला मुंबईला जाणे म्हणजेच परदेशी जाणे. तेव्हा लंडनची बातमी आली त्या दिवशी पाड्यावर काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दर रविवारी त्याचा फोन येतो. मी पडलो मराठीचा प्राध्यापक, मी विचारतो, "टेम्स नदी कशी आहे रे?" तो म्हणतो, "सर, संध्याकाळी दुकानं मिटायच्या सुमाराला पावावर पिवळी चिठ्ठी लावतात. मग तो स्वस्त मिळतो." मी ब्रिटिश लायब्ररीची चौकशी करतो, तो खोलीचे आठवड्याचे भाडे सांगतो. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा हा आपला उगाच घाबरला. आमच्याकडे सूर्य असा घाईने जात नाही. आडनाव पावरा, ते वर्गात 'पॉवर' झाले. पहिले दोन आठवडे त्याने दुरुस्त केले. पुढे सोडून दिले. "निदान अर्थ तरी चांगला आहे, सर," म्हणाला.

आणि बिबड्या! आईने निघताना ज्वारीच्या बिबड्यांचा डबा बांधून दिला होता. एका रात्री फार भूक लागली म्हणून याने त्यातली एक विजेच्या शेगडीवर भाजायला घेतली. धूर झाला, छताला लावलेली घंटा कोकलू लागली आणि सारी इमारत कोट-टोप्या चढवून रस्त्यावर येऊन उभी राहिली. त्यात चिनी होते, नायजेरियन होते, एक इटालियन मुलगी होती. याच्या हातात ती अर्धी भाजलेली बिबडी तशीच. त्याने ती तिथेच वाटून टाकली. लंडनमध्ये आल्यापासून माणसे आपणहोऊन त्याच्याशी बोलली ती त्या रात्री पहिल्यांदा.

ही हकीकत ऐकताना मला दुसरेच पापड आठवत होते. 1920 साली बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्यांदा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि न्यूयॉर्कपासूनचे मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज, एवढी शिदोरी. सकाळी पावाचा एखादा तुकडा खाऊन निघायचे आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात शिरायचे ते दार मिटेपर्यंत. धनंजय कीरांनी लिहिले आहे की रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर झाली म्हणजे ते कुणा ओळखीच्या हिंदी माणसाने दिलेल्या पापडांतले चार पत्र्यावर भाजून घेत आणि कपभर दुधाबरोबर खात. मग पुन्हा वाचन. 1923 सालची डी. एस्सी. आपण सगळे जाणतो. मला विचाराल तर त्या पदवीपेक्षा तो पत्रा मला जास्त खरा वाटतो.

किंग हेन्रीज रोडवरच्या 10 क्रमांकाच्या घरात ते 1921-22 मध्ये राहत असत. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते विकत घेतले, आता तिथे स्मारक आहे. आमचा मुलगा जाऊन आला. "काय पाहिलंस?" म्हणून विचारले. म्हणाला, "लोक पुस्तकं बघत होते, सर. मी ते पापड कुठे भाजत असतील तेच शोधत होतो."

एक गोष्ट मात्र त्याने मला बजावून ठेवली होती. तिथल्या कायद्याने विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येते. हा एका हॉटेलात भांडी घासतो. "घरी सांगू नका, सर. त्यांना वाटतं, मी नुसता शिकतोय."

मी सांगितले नाही. बाजाराच्या दिवशी त्याचे वडील माझ्याकडे येतात, ओसरीच्या कडेला बसतात आणि एकच विचारतात, "पोरगं जेवतं का?" मी त्यांना बिबडीची गोष्ट सांगितली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "हॉटेलात कामाला जातो ना तो?"

मी चपापलो. "तुम्हांला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. फोनमध्ये त्याचे हात दिसले. पाण्यात राहिलेले हात मला कळतात."

दिवाळी झाली की हे नवरा-बायको कोयता घेऊन बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जातात. उन्हाळ्यापर्यंत संसार ताडपत्रीखाली. पहाटे कितीला उठतात, गाडी भरेपर्यंत काय खातात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मुलाला तर अजून ठाऊक नाही. तो तिथून फोन करतो तेव्हा आई फडाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला येऊन बोलते आणि घरीच आहोत म्हणून सांगते.

"मला समजलं, हे त्याला सांगू नका, सर," वडील उठता उठता म्हणाले. "आम्ही तरी आमचं कुठं सांगतो?"

गेल्या रविवारी मुलाने विचारले, "बाबा आले होते का? कसे आहेत?" मी म्हटले, "बरे आहेत." मग त्याने बिबडी भाजायची नवी युक्ती सांगितली: खिडकी सताड उघडायची, अंगावर कोट घालायचा आणि बिबडी चिमट्यात धरून शेगडीपासून वीतभर उंच फिरवीत राहायची. वेळ लागतो, पण घंटा वाजत नाही. डबा मात्र तळाला आला आहे. फडावर निघण्याआधी आईने दुसरा भरून माझ्याकडे आणून ठेवला आहे. उद्या शहाद्याला जाऊन लंडनच्या पार्सलला किती पडतात ते विचारायचे आहे.