चाळीस मीटर केबल

८ जुलै
पहाटे साडेपाचला वॉचमन दारात. "काका, वर प्रेशर नाय. पॅनल लाल दाखवतंय." पंपाच्या मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह ओव्हरकरंट दाखवून बंद पडलेला. मेगर लावला तर बॉडीशी इन्सुलेशन ठणठणीत. सहा महिन्यांत ही दुसरी मोटर. कमिटीच्या ग्रुपवर चहाच्या आत निदान: टँकरचं गढूळ पाणी. घोडबंदर रोडला कुठल्याही दुखण्याचं खापर टँकरवरच फुटतं.

९ जुलै
मोटर टेम्पोत घालून वागळे इस्टेटला. मानपाडा ते कापूरबावडी, मेट्रोच्या खांबांखालून, पाऊण तास.

वायंडिंगवाल्याने कव्हर काढून टॉर्च मारला. "साहेब, ही लोडने जळालेली नाय." लोडने जळाली की सगळं वायंडिंग काळं पडतं, एक फेज गेली तर एखादी-दुसरी फेज अख्खी. इथे वार्निश पिवळंधमक, आणि लीडजवळच्या कॉइलच्या पहिल्या वेढ्यांत टाचणीच्या डोक्याएवढा काळा खड्डा. वेढ्याला वेढा चिकटला होता. मेगर बॉडीशी मोजतो, त्याला हे कुठून दिसणार?

"ड्राइव्ह मोटरपासून किती लांब?"

मी गप्प. मागच्या पावसाळ्यात पंपरूममध्ये गुडघाभर पाणी भरलं, म्हणून पॅनल तळघरातून वर मीटररूमशेजारी मीच हलवून घेतलं. सहा मीटरची केबल चाळीस झाली. तेव्हा टाळ्याही मिळाल्या होत्या.

रात्री
हिशेब मांडला. ४१५ व्होल्टचा सप्लाय ड्राइव्हमध्ये डीसी होतो, सुमारे ५८५ व्होल्ट. त्यातले आयजीबीटी स्विच तो तुकड्यातुकड्याने मोटरला देतात, आणि प्रत्येक तुकडा ०.१ मायक्रोसेकंदात शून्यावरून माथ्यावर. केबलमधून ही लाट मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर धावते. सहा मीटरवर परतलेली लाट चढ संपायच्या आत येऊन मिसळते; चाळीसवर पूर्ण उंचीची लाट मोटरवर आपटते, आणि तिथे व्होल्टेज दुपटीजवळ जातं, ११७० च्या आसपास. एवढ्या तीव्र चढाचा भार सगळ्या कॉइलवर सारखा पसरत नाही, पहिल्या वेढ्यांवरच पडतो. वेढ्यांमधल्या हवेच्या फटीत बारीक ठिणग्या उडतात आणि इनॅमल कुरतडलं जातं.

आणि हे तुकडे पाडायची कॅरिअर फ्रिक्वेन्सी ८ किलोहर्ट्झ! पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मोटरच्या कुईकुईची तक्रार केली म्हणून ४ वरून वाढवलेली. आठ तासांत २३ कोटी धक्के, एकेका फेजला. सिलिकॉन कार्बाइडचे नवे स्विच तर याहून कितीतरी चपळ. वीज वाचते, हे खरं. वायर मात्र जुन्या साध्या इनॅमलचीच असते.

११ जुलै
कमिटी. लाटबिट कुणाला पटेना. मग वॉटर हॅमर सांगितला: व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइप कसा धाडकन वाजतो? तसंच. खजिनदार लगेच म्हणाले, "मग हळू बंद करायचा." बरोबर तेच. ड्राइव्हच्या तोंडाशी डीव्ही-डीटी फिल्टर, म्हणजे चढ सावकाश. शिवाय मोटरला इन्व्हर्टर-ड्यूटी वायर. पॅनल परत तळघरात न्यायचं कुणी सुचवलं नाही. आकाश भरून आलं होतं.

१४ जुलै
मोटर आली. सोबत कागदाच्या पुडीत जुनं बेअरिंग: आतल्या रेसवर पन्हाळी पत्र्यासारख्या रेघा. शाफ्टवर साठलेला चार्ज बेअरिंगमधून फुटून जातो, त्याच्या खुणा. म्हणजे आवाज नुसता कॅरिअरचा नव्हता. शाफ्टला अर्थिंग ब्रश लावायला सांगितलं, वरचा खर्च मंजूर करून घेईन.

कॅरिअर ४ वर आणला. मोटर सुरू झाली, तोच तो सूर, नव्या लोकल सुटताना लागतो तसा. सव्वासातला इंटरकॉम वाजला. पहिला मजला.