आपलियू रस्त्यावरील पेठ

हाँगकाँगच्या त्सिम शा त्सुई भागात हिरे आणि रत्ने यांच्या व्यापाराची कार्यालये दाटीवाटीने वसलेली आहेत. भारतातून जाऊन तेथे स्थिरावलेल्या जैन कुटुंबांचा वावरही याच परिसरात असून जिनमंदिरही येथेच आहे. त्यामुळे सप्टेंबरमधील जवाहिरांच्या मोठ्या प्रदर्शनासाठी मुंबई, जळगाव किंवा कोल्हापूर येथून गेलेला सराफ बहुधा याच भागात मुक्कामाला उतरतो. मात्र त्याच्या व्यवहाराची नाडी ज्या लहानशा वस्तूवर अवलंबून असते, ती घेण्यासाठी जाणकार मंडळी त्याला थोडे उत्तरेकडे पाठवतात. भुयारी रेल्वेच्या लाल मार्गाने निघाले की पाचवे स्थानक शाम शुई पो. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच समोर आपलियू रस्त्याची पेठ पसरलेली दिसते.

आपलियू म्हणजे बदकांचे खुराडे. आज तेथे बदक नाही. जुने रेडिओ, दूरनियंत्रके, विजेऱ्या, तारांची भेंडोळी, घड्याळांची सुटी यंत्रे, चार्जर यांचे ढीग लागलेले असतात. मुंबईच्या चोरबाजाराची आणि लॅमिंग्टन रोडची एकाच वेळी आठवण व्हावी, अशी ही गल्ली आहे. शेजारच्या यू चाउ रस्त्यावर मण्यांची दुकाने, की लुंग रस्त्यावर कापड आणि गुंड्या. घाऊक व्यापाराची सवय असलेल्या माणसाचे पाय येथे उगीचच रेंगाळतात. मण्यांच्या दुकानात शिरलेला सराफ सिमकार्डाची गोष्ट विसरून तासाभराने बाहेर आला, तरी नवल वाटू नये.

सिमकार्डांच्या टपऱ्यांवर रंगीत पाकिटे टांगलेली असतात. त्यांवर देशाचे नाव, दिवसांची संख्या आणि डेटाचे माप छापलेले असते. पाकिटावरील छापील किंमत आणि टपरीवरील किंमत यांत बरेचदा अंतर असते आणि ते ग्राहकाच्या बाजूचे असते. विमानतळावर किंवा कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात तेच पाकीट महाग पडते. पण स्वस्त-महागाचा विचार येथे दुसरा. पहिला विचार असतो तो हातातील फोन कोणत्या घरचा आहे, याचा.

हाँगकाँगमध्ये विक्रीकर किंवा मूल्यवर्धित कर नाही. फोन कोणत्याही कंपनीच्या सिमकार्डाशी जखडलेले न ठेवता मोकळे विकण्याचीच तेथे प्रथा आहे. म्हणून मोंगकॉकच्या सिन टाट प्लाझासारख्या इमारतींत गाळ्यांमागून गाळे फोनने भरलेले असतात. तेथील दुकानदार मालाचे दोन वर्ग सांगतात. अधिकृत वितरकाकडून आलेला तो ‘होंग फो’, म्हणजे पेढीचा माल. दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनलेला, पण इकडे वळवलेला तो ‘सुई फो’, म्हणजे पाण्याचा माल. पाण्याचा माल चोरीचा असतोच असे नाही. त्याची हमी मात्र येथे चालेलच असे नसते आणि त्याच्या पोटात काय आहे हे ग्राहकाने स्वतः पाहावे लागते.

पाहायचे काय? अमेरिकेत 2022 पासून विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमकार्ड घालण्याची खाचच नाही. तो केवळ ई-सिमवर चालतो. असा फोन घेऊन आपलियू रस्त्यावर गेलेल्याला तेथील बहुतेक पाकिटे निरुपयोगी. उलट चीन आणि हाँगकाँगसाठी बनलेल्या अनेक आयफोनमध्ये दोन्ही सिमकार्डे प्रत्यक्ष घालता येतात, पण ई-सिमची सोय त्यांत नसते. त्यामुळे घरून निघताना ई-सिम विकत घेऊन ठेवण्याचा बेत अशा फोनच्या बाबतीत फसतो. चीनच्या मुख्य भूमीसाठी बनलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये गूगलच्या सेवा बहुधा नसतात, आणि काही फोनमध्ये भारतातील कंपन्या वापरतात त्यांपैकी एखाद-दोन लहरी पकडण्याची क्षमता नसते. फोनवर तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट ही कळ दाबली की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. खोक्यावरील क्रमांक आणि बिलावरील क्रमांक त्याच्याशी जुळला पाहिजे.

ही जुळणी केवळ व्यवहारचातुर्याची नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीने आणलेला माल घेणे म्हणजे तदाहृतादान आहे, आणि अस्सल म्हणून नक्कल खपवणे म्हणजे प्रतिरूपकव्यवहारही आहे. सूत्रकारांसमोर धान्य, कापड, सोने असे. वापरलेल्या फोनच्या ढिगातून निम्म्या भावाचा, बिलाविना फोन उचलणाऱ्या श्रावकाला तेच शब्द जसेच्या तसे लागू पडतात. परतताना ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक किमतीचा फोन सीमाशुल्क न भरता खिशातून नेणे, यासाठीही त्याच सूत्रात विरुद्धराज्यातिक्रम हा शब्द तयार आहे.

फोन ठरला की योजना. प्रदर्शनाला आलेल्या व्यापाऱ्याच्या दिवसाचे गणित मांडले, तर निवड आपोआप स्पष्ट होते. त्याचे भारतातील सिमकार्ड काढून ठेवता येत नाही, कारण बँकेचा गुप्तांक त्याच क्रमांकावर येतो. ते एका खाचेत चालू ठेवावे, त्याचे डेटा रोमिंग बंद करावे, आणि डेटासाठी दुसऱ्या खाचेत स्थानिक सिमकार्ड घालावे. ही रचना ज्या फोनमध्ये बसत नाही, तो फोन कितीही सुंदर असला तरी व्यापाऱ्याच्या कामाचा नाही. अर्थात, निघण्यापूर्वी भारतातील क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेणे आवश्यक असते. ते विसरल्यामुळे आगाऊ रकमेचा व्यवहार ऐन वेळी अडकण्याची भीती असते आणि त्या पेढीवर पुढील वर्षी पुन्हा उभे राहायचे असते.

पाकिटावरील ‘अमर्याद’ या शब्दाखाली बारीक अक्षरांत मर्यादा दिलेली असते. काही योजनांत दररोज ठरावीक डेटा वेगाने मिळतो आणि त्यानंतर वेग 128 केबीपीएस इतका उतरतो. या वेगात लिखित निरोप जातो. हाराच्या पन्नास छायाचित्रांचा संच घरच्या पेढीवर पोहोचत नाही. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण मुदतीसाठी एकच साठा असतो. प्रदर्शनाच्या दिवशी खूप आणि इतर दिवशी थोडा वापर असणाऱ्याला हा दुसरा प्रकार सोयीचा. रोज सारखाच वापर असेल तर पहिला. गेल्या महिन्यात आपण किती डेटा वापरला हे फोन स्वतःच सांगतो. तो आकडा न पाहता योजना घेणे म्हणजे तागडी न लावता माल घेणे होय.

या वापरात व्यापाराखेरीज आणखी एक खर्च असतो. काही वर्षी प्रदर्शनाचे दिवस आणि पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाचे दिवस एकमेकांवर येतात. हाँगकाँगची वेळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. गावातील मंदिरात सकाळी साडेआठला सुरू होणारे प्रवचन तेथे अकरा वाजता, म्हणजे नेमके ग्राहकांच्या गर्दीत ऐकू येते. सप्टेंबरच्या मध्यात तेथील सूर्यास्त सुमारे सव्वासहाला होतो. प्रदर्शनाची वर्दळ तोपर्यंत ओसरलेली नसते. चौविहार पाळणाऱ्याला त्याआधी योग्य भोजन शोधायचे असते. चिनी बौद्ध शाकाहारी भोजनगृहांत कांदा-लसूण वर्ज्य असतो, ही मोठी सोय. कमळाचा कंद आणि अळंबी मात्र त्यांना चालतात, आपल्याला नाही. चिनी लिपीतील यादीवर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचल्याशिवाय हा भेद उमगत नाही, आणि त्या क्षणी डेटा संपलेला असेल तर उपवास घडतो.

मार्च 2022 पासून हाँगकाँगमध्ये नव्या सिमकार्डाची खऱ्या नावाने नोंदणी सक्तीची आहे. पारपत्राचे छायाचित्र देऊन ती करता येते. भारतीय प्रवाशाला तेथे जाण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागतेच. त्याच वेळी पारपत्राची स्वच्छ प्रत फोनमध्ये ठेवली म्हणजे टपरीसमोर खोळंबा होत नाही. नोंदणी करून दिलेले, दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड कोणी देऊ लागला तर ते घेऊ नये.

खरी परीक्षा असते ती पुढे शेनझेनला जाणाऱ्याची. पश्चिम काउलूनहून वेगवान गाडी फुथियानला पाव तासाच्या आत पोहोचते. चिनी अधिकाऱ्यांची तपासणीही याच स्थानकात होते. दागिन्यांसाठी शुईबेई आणि विजेच्या वस्तूंसाठी ह्वाचियांगपेई, असे दोन बाजार तेथे भारतीयांना खेचतात. चीनच्या जाळ्यावर मात्र व्हॉट्सअॅप आणि गूगल चालत नाहीत. तेथील सिमकार्ड घेतलेला सराफ दुकानात उभा आहे, समोर नमुना आहे, आणि घरी भावाला तो दाखवता येत नाही, अशी अवस्था होते. हाँगकाँगचे सिमकार्ड मुख्य भूमीवर रोमिंगमध्ये असताना त्याचा डेटा हाँगकाँगमार्गे जातो, म्हणून त्यावर हे निरोप चालू राहतात. पाकिटावर मुख्य भूमी आणि मकाव यांचा उल्लेख आहे ना, हे पाहूनच ते घ्यावे. शेनझेनच्या हॉटेलातील वायफाय जोडले की पुन्हा तीच अडचण, कारण ते जाळे चीनचे. खोलीत शिरताच फोन आपोआप वायफायला चिकटतो आणि माणूस सिमकार्डाला दोष देत बसतो.

हाच फोन भारतात परतला की प्रश्न बदलतो. जिओकडे टू-जी आणि थ्री-जी नसल्याने बोलणेही फोर-जीवरूनच जाते. परदेशी फोनमध्ये ती सोय त्या कंपनीसाठी उघडलेली नसेल, तर डेटा चालतो आणि फोन मात्र लागत नाही. म्हणून वर्षाची योजना एकदम भरण्यापूर्वी घरातील कोणाचे तरी सिमकार्ड घालून दुकानात, गोदामात आणि गावच्या घरी बोलून पाहावे. 28 दिवसांची योजना घेणाऱ्याला वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. ट्रायच्या 2022 च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला निदान एक योजना पूर्ण 30 दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतन होणारी ठेवावी लागते. या योजना जाहिरातीत फारशा दिसत नाहीत, विचारल्यावर दाखवतात.