संध्याकाळपर्यंत उत्तर देणारं काम

धंदा सुरू करायला जी उमेद लागते तिचं कौतुक पुष्कळ होतं. उद्घाटनाला माणसं येतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पण पुढे सातव्या-आठव्या वर्षी एखादा साधा बुधवार उगवतो. वीजबिलाची तारीख तोंडावर आलेली असते, गिऱ्हाइकाकडचे पैसे आलेले नसतात, दोन मोल्डर गावच्या जत्रेला गेलेले असतात, आणि तरीही सकाळी उठून गेट उघडायचं असतं. त्या बुधवारी लागणाऱ्या उमेदीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

माझी शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. पंप आणि व्हॉल्व्हचे बिडाचे सुटे भाग आम्ही ओततो. कोल्हापूरला ओतकाम नवं नाही. विहिरीचं पाणी शेतात आणायला ऑईल इंजिनं हवी होती, गुऱ्हाळांना चरक हवे होते. ती गरज भागवता भागवता शिवाजी उद्यमनगरात गल्लोगल्ली भट्ट्या आणि लेथ उभे राहिले. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा पसारा वाढत गेला. माझे वडील उद्यमनगरातच मोल्डर होते. त्यामुळे वाळू, धातू आणि आच यांची भाषा मला घरातून मिळाली. मालकीची भाषा मात्र स्वतः शिकावी लागली.

ती शिकताना एक गोष्ट पक्की कळली. मालकाच्या दिवसात दोन जातींची कामं असतात. पहिल्या जातीचं काम सकाळी हातात घेतलं की संध्याकाळपर्यंत उत्तर देतं. भाग धड ओतला गेला का, भागाची आतली पोकळी घडवणारा कोअर नीट भाजला का, साच्याला आकार देणारं, दुरुस्त केलेलं पॅटर्न त्यातून स्वच्छ सुटलं का, हे दिवस मावळायच्या आत कळतं. दुसऱ्या जातीचं काम उत्तर द्यायला महिने लावतं, कधीकधी देतच नाही. पाठवलेलं कोटेशन, अडकलेलं पेमेंट, कर्जाचं लिमिट वाढवून मिळावं म्हणून बँकेत दिलेली फाईल, नव्या कंपनीच्या परचेस खात्याला केलेले फोन ही त्यातली. धंदा मोठा होतो तो या दुसऱ्या कामांवर. मालक टिकून राहतो तो पहिल्या कामांवर. म्हणून दिवसाची सुरुवात मी नेहमी पहिल्या जातीच्या कामाने करतो. फोनवरचे मेसेज आणि बँकेतली शिल्लक त्यानंतर.

गेटमधून आत आलो की मी सरळ सँड प्लांटकडे जातो. तिथे नाना असतात. वयाने वडिलांच्या पिढीचे, हाताने अजून कुणालाही न हटणारे. ते मिक्सरखालून मूठभर वाळू घेतात, घट्ट आवळतात आणि मूठ उघडतात. गोळ्यावर बोटांचे ठसे लख्ख उमटलेले हवेत. मग तो गोळा दोन्ही हातांत धरून मधोमध मोडतात. मोडलेल्या कडा धारदार राहिल्या आणि चुरा पडला नाही, तर वाळू जमली. तळहाताला चिकटली, तर पाणी जास्त. "मालक, जरा वली वाटतीया. म्होरचा घाणा पाणी कमी घालून काढूया," असं ते म्हणाले की मी लॅबमधला आकडा बघतो. ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहायला हवा. तो वाढला तर साच्यात वाफ धरते आणि भागात ब्लोहोल पडतात. कमी झाला तर साच्याची कड ढासळते आणि वाळू धातूत शिरते. नानांची मूठ आणि लॅबचं यंत्र बहुतेक वेळा एकच सांगतात, आणि दोन्हीकडून एकच उत्तर आलं की मला उभारी येते.

ही वाळू काल वापरलेलीच असते. चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड तिच्यावर पडलं की साच्याच्या अंगालगतचं बेंटोनाईट जळून जातं. वाळूचे कण तसेच राहतात, त्यांना धरून ठेवणारा चिकटपणा जातो. म्हणून साचे फोडल्यावर ती गार करायची, चाळायची, तिच्यात थोडी नवी वाळू, थोडं नवं बेंटोनाईट, कोळशाची पावडर आणि पाणी घालून पुन्हा मळायची. एकदा तयार केली आणि महिनाभर पुरली, अशी वाळू या धंद्यात नसते. उमेदीचंही मी तसंच धरून चालतो. दिवसभराच्या आचेत ती थोडी जळणारच. त्याचं दुःख करायचं कारण नाही. रोज सकाळी तिच्यात थोडी नवी भर घालायची सोय मात्र करून ठेवावी लागते, आणि ती भर हातातल्या कामातूनच येते.

वाळूनंतर भट्टी. एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते, त्यामुळे हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, बिघडली तर नुकसान मीटरवरच दिसतं. साचे भरायला घेण्याआधी आम्ही त्या धातूची एक छोटी पाचर ओततो. ती थंड करून हातोड्याने मोडायची आणि मोडलेली बाजू बघायची. जाड भाग करडा असतो, टोकाकडे पांढरी पट्टी असते. पट्टी रुंद दिसली तर हे लोखंड पातळ जागी काचेसारखं कडक होणार आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर टूल मोडणार. मग लेडलमध्ये ही पांढरी पट्टी कमी करणाऱ्या इनॉक्युलंटचं प्रमाण वाढवायचं आणि पुन्हा पाचर ओतायची. प्रश्न विचारल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा सगळा खेळ काही मिनिटांचा. दिवसभरात दुसरं कोणीही मला इतकं तत्पर उत्तर देत नाही.

उत्तर दरवेळी गोड नसतं. ओतलेले भाग घासून साफ करतात त्या फेटलिंगच्या बाजूला लाल रंगाची ट्रॉली असते, आदल्या दिवशीचे नापास भाग तिच्यात पडलेले असतात. मी ते रोज हातात घेऊन बघतो आणि प्रत्येकाचं कारण वहीत उतरवतो. आतून गुळगुळीत गोल भोक असेल तर वायू अडकला. दोन प्रवाह भेटले त्या रेषेवर भेग असेल तर धातू थंड पडला होता. जाड जागी ओबडधोबड पोकळी असेल तर गार होताना जास्तीचा धातू पुरवणारा रायझर अपुरा पडला. ही ट्रॉली बघून उमेद खचत कशी नाही, असं मला एका मित्राने विचारलं होतं. उलट इथे ती वाढते, कारण नापास भाग कारण सांगतो आणि आज काय करायचं तेही सांगतो. कोटेशन नाकारणारा माणूस कारण सांगत नाही. पेमेंट अडकवणारा तर फोनच उचलत नाही. माणूस अपयशाने जितका खचतो, त्याहून जास्त तो उत्तर न मिळाल्याने खचतो.

पेमेंटचं सांगायलाच हवं, कारण लहान कारखानदाराची सगळ्यात जास्त उमेद तिथे जळते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आता आयकर कायद्यानेही असं थकलेलं देणं प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून धरायला मनाई केली आहे. कायदा आपल्या बाजूचा आहे आणि तो असायलाच हवा. पण ज्याच्या ऑर्डरवर भट्टी चालते त्याच्याविरुद्ध तक्रार करायला हात धजत नाही. आमचंही एक बिल असंच कित्येक महिने अडकून पडलं होतं. त्या काळात ठरवलेला नियम मी आजही पाळतो. वसुलीचे फोन मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर करायचे. फोन सगळे करायचे, नम्रपणे आणि नेटाने करायचे, पण सकाळी नाही. सकाळचा पहिला फोन वसुलीचा असला की "पुढच्या आठवड्यात बघू" हे वाक्य दिवसभर डोक्यात घुमतं आणि त्याची झळ भट्टीवरच्या पोराला बसते. त्याचा काय दोष?

उद्योजकांच्या कार्यक्रमात लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट हमखास सांगितली जाते. त्यांच्या लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. पण ओतकाम करणारा माणूस म्हणून मला तिच्यात आणखी काहीतरी दिसतं. किर्लोस्करवाडीच्या आधीपासूनच त्यांच्या कारखान्यात कडबा कापायची यंत्रंही बनत होती. म्हणजे गिऱ्हाईक नांगराला हो म्हणत नव्हतं तेव्हाही हाताला रोजचं काम होतं, आणि काम चांगलं झालं की वाईट हे लोखंड तिथल्या तिथे सांगत होतं. दोन वर्षं नुसती वाट बघणं कुणालाच जमणार नाही. वाट बघता बघता रोज काहीतरी नीट करणं जमू शकतं.

म्हणूनच दुसऱ्या जातीचं लांबलचक काम मी शक्य तेवढं पहिल्या जातीत आणून बसवतो. नव्या पंपाचा केसिंग विकसित करायचा म्हटलं की गिऱ्हाइकाची मंजुरी यायला तीन-चार महिने सहज जातात. तेवढे दिवस श्वास रोखून बसता येत नाही. मग मी त्या कामाचे तुकडे पाडतो. आज फक्त रायझरची जागा ठरवायची. दुपारी एक नमुना ओतायचा, गार झाला की करवतीवर मधोमध कापायचा. कापलेल्या तोंडावर, फ्लँज जिथे भिंतीला मिळते त्या जाड जागी, तांदळाएवढी पोकळी दिसली की उद्याचं काम ठरलं. रायझर सरकवायचा, नाहीतर त्या जागी धातू लवकर गोठावा म्हणून साच्यात लोखंडी चिल बसवायचा. मंजुरी महिन्यांनी येते, पण करवत रोज संध्याकाळी बोलते.

या सवयीची खरी परीक्षा मंदीत आणि पुरात झाली. २०१९ मध्ये वाहनउद्योगात मंदी आली तेव्हा इथल्या कितीतरी फाउंड्र्यांचे कामाचे दिवस कमी झाले. त्याच ऑगस्टात, आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत, पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. पुणे-बंगळूर वाहतूक थांबली, मालाच्या गाड्या जिथल्या तिथे अडकल्या. अशा दिवसांत भट्टी पेटत नाही, मग संध्याकाळी उत्तर कोण देणार? आम्ही पॅटर्न बाहेर काढले. झिजलेल्या कडा भरल्या, कोअरबॉक्सच्या सैल पिना बदलल्या, भट्टीचं लायनिंग नव्याने ठोकलं. दिवसाअखेर पॅटर्नवरून हात फिरवला की काम झालं की नाही हे बोटांना कळायचं. पाणी ओसरलं, ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या, आणि सुरुवातीच्या हीटमध्ये रिजेक्शन नेहमीपेक्षा कमी निघालं. रिकाम्या दिवसांनी आम्हाला काहीतरी दिलं होतं.

जे मालकाला लागतं तेच कामगारालाही लागतं. लिज्जत पापडचं मला या बाबतीत फार मोल वाटतं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर काम सुरू केलं. त्यांची रीत अशी की आदल्या दिवशी लाटलेले पापड सकाळी आणून द्यायचे, लाटण्याची मजुरी घ्यायची आणि नवं पीठ घेऊन जायचं. केलेल्या कामाचं मोल दुसऱ्या दिवसापर्यंत हातात. संस्था एवढी मोठी झाली त्याची कारणं अनेक असतील, पण लाटणारीच्या हाताला तिचं उत्तर लवकर मिळत होतं, हे त्यातलं मोठं कारण आहे असं मी मानतो. आमच्याकडे पगार महिन्याने होतो, ते बदलता आलं नाही. म्हणून प्रत्येक मोल्डिंग लाईनजवळ आम्ही फळा लावला. काल किती साचे भरले, किती भाग चांगले निघाले, हे तिथे रोज लिहिलं जातं. आकडा चढला की पोरं चहाच्या सुट्टीत त्यावर बोलत उभी असतात. उतरला तर मी विचारायच्या आधी कारण शोधून ठेवतात.

मालकाने फ्लोअरवर अडकू नये, बाजारात फिरावं, असं सल्लागार सांगतात. त्यात तथ्य आहे. मी बाजारात जातो, पुण्याला गिऱ्हाइकांकडे जातो, प्रदर्शनं बघतो. पण सकाळी वाळू हातात घेऊन, ट्रॉलीतले भाग तपासून गेलेला माणूस गिऱ्हाइकासमोर वेगळा बसतो. त्याला आपला माल किती चांगला आहे हे ऐकून नव्हे, बघून माहीत असतं. त्याचा दर पाडून मागायला आलेल्या माणसालाही ते जाणवतं.

कॉलेजातून बाहेर पडून धंदा करू पाहणारी पोरंपोरी अधूनमधून कारखाना बघायला येतात. "काका, रोजच्या रोज उमेद कशी टिकवता?" हा प्रश्न हमखास येतो. त्यांचे धंदे वेगळे असतात. कोणाला मसाले विकायचे असतात, कोणाला ॲप बनवायचं असतं, कोणाला कपड्यांचं दुकान टाकायचं असतं. मी त्यांना उलट विचारतो, तुझ्या धंद्यात त्याच दिवशी उत्तर देणारं काम कोणतं? मसाल्याच्या घाण्याचा वास आणि रंग उत्तर देतो. दुकानात कपडा अंगाला लावून बघणाऱ्या बाईचा चेहरा उत्तर देतो. ॲप वापरताना माणूस नेमका कुठे अडखळतो, हे शेजारी बसून पाहिलं की तेही उत्तरच आहे. ते काम कितीही मोठे झालात तरी दुसऱ्याच्या हाती पूर्ण सोपवू नका, आणि दिवसाचा पहिला तास त्यालाच द्या. गुंतवणूकदार, बँक आणि बाजार यांची उत्तरं त्यांच्या सवडीने येतील. तोवर तुमचं काम तुमच्याशी रोज बोलत राहिलं, तर उद्या सकाळी गेट उघडायला कारण शोधावं लागणार नाही.