दिवसाचं गिऱ्हाईक

कोल्हापूर

चि. बाळास,


नोकरी सोडून कॉम्प्युटर सल्ल्याचं काम पूर्णवेळ करायचं तुझ्या मनात आहे, हे ताईकडून कळलं. ती घाबरली आहे. मला बेत आवडला, पण संध्याकाळच्या कामातून पगाराइतके पैसे येऊ लागले की राजीनामा द्यायचा, हा हिशेब पटला नाही. मी उद्यमनगरात मशीनशॉप चालवतो, म्हणजे तुझ्या गिऱ्हाइकांतला माणूस. आमच्या बाजूनं काय दिसतं ते लिहितो.

आमची अडचण दिवसा येते. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा, २० तारखेला ३बी, आणि नेमकी त्याच सकाळी टॅली उघडत नाही. शिरोलीतल्या फौंड्रीच्या गेटवर गाडी भरून उभी असते आणि ई-वे बिल निघत नाही. अशा वेळी संध्याकाळी सातला येणारा माणूस कितीही हुशार असला तरी उपयोगाचा नाही. म्हणून घाई नसलेली कामंच तुझ्याकडे येतात आणि त्यांना भावही तसाच मिळतो. त्या कमाईवरून दिवसाच्या धंद्याचा अंदाज बांधू नकोस.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बघ. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत असतानाच, १८८८ साली, बेळगावात त्यांच्या सायकलींचं दुकान निघालं. ते मुंबईहून सायकली पाठवायचे, भाऊ रामूअण्णा तिकडे विकायचे. म्हणजे नोकरी चालू असतानाही गिऱ्हाइकासमोर घरचा माणूस होता. पुढे बढती डावलली गेली आणि लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले, तेव्हा दुकान उभं होतं. तुझ्याकडे रामूअण्णा कोण? दिवसा फोन उचलेल, गाडी काढून गोकुळ शिरगावला जाईल असं एखादं शिकलेलं पोरगं आत्ताच जोडीला घे. आणि त्याआधी तुझं नेमणूकपत्र नीट वाच. बाहेरचं काम करायला त्यात मनाई असेल तर ते आधी मिटव.

याहून अवघड आहे ते सल्ल्याचे पैसे मागणं. हार्ड डिस्क बदललीस तर आम्ही मुकाट पैसे देतो, कारण वस्तू डोळ्यांना दिसते. सल्ला असला की, ‘जाता जाता तेवढं बघून जावा की!’ पगार चालू आहे तोवर तूही बघून जातोस. उद्या त्याच तासांवर तुझं घर चालायचं आहे, तेव्हा मागायची सवय पगार असतानाच लाव.

कसल्या सल्ल्याचे पैसे मागायचे, तर पंचगंगेच्या पुराचंच घे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याचं सगळं खातं तळमजल्यावरच्या एका कॉम्प्युटरवर असतं. पाणी ३९ फुटांना टेकलं की मशीन वर कुणी न्यायचं, रोजचा बॅकअप शहराबाहेर कुठे ठेवायचा हे तू ठरवून द्यायचं आणि तो परत उघडतो का हे पावसाआधी, मे महिन्यातच, दाखवायचं. यात वस्तू एकही विकली जात नाही, पण माणसाचा धंदा वाचतो. हे काम वर्षाच्या लेखी करारानं घे आणि पैसे तिमाहीला आगाऊ माग.

उधारी तुला चुकणार नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, ती करून घे. २००६ च्या कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे लेखी कराराप्रमाणे, फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. थकले तर बँक दराच्या तिप्पट व्याज. ते व्याज आपल्या गावात कुणी मागत नाही, गिऱ्हाईक तुटतं. पण आता मुदत चुकली की ती रक्कम पैसे देईपर्यंत आम्हाला करात खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे बिलावर नोंदणी क्रमांक दिसला की हिशेबनीस तुझं बिल वर काढतो.

सकाळी हाक मारणारी, करार केलेली गिऱ्हाइकं जमू देत आणि त्यांच्या आगाऊ पैशांत घरखर्च भागू दे. मग राजीनामा दे. ताईची समजूत मी घालीन.

कराराचा मसुदा झाला की शॉपवर घेऊन ये. पहिली सही मी करतो. भाव मात्र मामा म्हणून कमी लावू नकोस, शिरोलीत सांगशील तोच सांग.

तुझा,
मामा