न उघडणारी दारं

आमच्या हॉलमध्ये दोन दारं उभी आहेत आणि ती कुठेच उघडत नाहीत. चार फूट उंच, जेमतेम इंचभर जाड, वरून कापड लावलेली. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे काय, पार्टिशन काढलंत का?" तर मंडळी, ते स्पीकर आहेत. प्लेनर मॅग्नेटिक स्पीकर. नावाला घाबरू नका, मामला शाळेतल्या विज्ञानाचाच आहे.

चुंबकाजवळच्या तारेतून वीज गेली की तारेला धक्का बसतो, एवढं आठवत असेल. नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा किंवा प्लास्टिकचा कोन असतो आणि त्याच्या मानेला तारेची गुंडाळी. धक्का बसतो तो फक्त मानेला. बाकीचा कोन तिच्यामागे फरफटत जातो. वरच्या स्वरांत तर तो स्वतःच थरथरायला लागतो आणि गाण्यात नसलेलं काहीबाही पदरचं घालतो. शिवाय मागे खोकं. तेही थोडंफार गातंच!

प्लेनरमध्ये हीच गुंडाळी उलगडून केसाहून पातळ अशा प्लास्टिकच्या पडद्यावर नागमोडी चिकटवलेली असते. पडदा चौकटीत ताणलेला, पाठीशी चुंबकांच्या ओळी. (शेजारच्या तारेत वीज उलटी वाहते, पण तिथलं चुंबकीय क्षेत्रही उलटं, म्हणून धक्का एकाच दिशेला.) ढकलणारी तार सगळीकडे पसरलेली, त्यामुळे सगळा पडदा एकदम हलतो. हलका इतका, की चल म्हटलं की चालतो आणि थांब म्हटलं की थांबतो. खोकं नाहीच. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्येही असाच पडदा असतो, पण त्याला हजारो व्होल्ट लागतात, म्हणून भिंतीतल्या प्लगला जोडावं लागतं. याला ती भानगड नाही.

ही कल्पना बाजारात रुजवली ती इथल्याच, मिनेसोटातल्या एका माणसाने. थ्री-एम कंपनीतला इंजिनिअर जिम वायनी. १९६९ साली त्याने मॅग्नेपॅन सुरू केली, व्हाइट बेअर लेक गावात. त्यांचे सुरुवातीचे काही स्पीकर तर घडीच्या पडद्यासारखे दिसायचे, म्हणजे आमच्या पाहुण्यांचं फारसं चुकत नाही.

फायदा काय, ते मला आईमुळे कळलं. पंचवीस वर्षं गाणं शिकवलेली बाई, पण घरात गाणं लावलं की उठून आत जायची. स्पीकरवरचा तानपुरा तिला 'डब्यातला भुंगा' वाटायचा. गेल्या हिवाळ्यात ती इथे होती. बाहेर बर्फ, दुपारी करायला काही नाही. एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. आई बसून राहिली. पाचेक मिनिटांनी म्हणाली, "पंचमाची तार उतरलीय रे." त्या ध्वनिमुद्रणाची माझी दहा वर्षांची ओळख, आणि तार मला कधी वेगळी ऐकूच आली नव्हती! मग रोज दुपारी तिची बैठक. जवारी ऐकू येते, एवढंच तिचं तांत्रिक परीक्षण.

दुसऱ्याच दिवशी मात्र तक्रार आली. "गाणारा समोर बसलाय, पण डग्गा शेजारच्यांकडे ठेवलाय का?"

अचूक! खोकं नसल्यामुळे आवाज पुढे जातो तितकाच मागेही जातो, आणि पुढचा दाब तेव्हा मागची ओढ. वरच्या स्वरांना त्याचं काही नाही. पण ५० हर्ट्झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब. हातभर रुंदीच्या पडद्याला वळसा घालून ती पुढे येते आणि स्वतःलाच खोडते. मागच्या भिंतीपासून तीनेक फूट अंतरही सोडावं लागतं, नाहीतर परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळून सगळं गढूळ होतं. पुण्यातल्या आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये दिवाण बाहेर काढावा लागला असता. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरही दमदार हवा.

डग्ग्यावर उपाय म्हणजे सबवूफर. म्हणजे इतकं करून शेवटी घरात एक खोकं येणारच. बायको म्हणते, निदान त्याच्यावर फुलदाणी तरी ठेवता येईल. आई नोव्हेंबरात परत येतेय, त्याआधी आणायला हवा.