पाटण ते बळसाणे

जळगावहून पाचोरा, भडगावमार्गे चाळीसगावला जाणारा रस्ता खानदेशातील व्यापारी घराण्यांच्या पायाखालचा आहे. कापूस आणि धान्याच्या व्यवहारासाठी या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या ये-जा झाली. चाळीसगावपासून आणखी सुमारे १८ किलोमीटर पुढे, डोंगराच्या कुशीतील पाटणादेवीकडे गाडी वळवणारे मात्र थोडेच.

आज तेथे गौताळा अभयारण्याचे रान, चंडिकादेवीचे देऊळ आणि यादवकालीन शिवमंदिर आहे. एकेकाळी हे पाटण नावाचे नांदते नगर होते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने येथे मठ स्थापिला. डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणलेल्या, इ.स. १२०७ च्या शिलालेखात या मठाला मिळालेले दान नोंदवले आहे. लेख संस्कृतात आहे. देण्याघेण्याचा तपशील येताच भाषा जुनी मराठी होते. पाटणच्या पेठेत विक्रीला उघडणाऱ्या मालावरील कराचा वाटा मठाला, आणि दर घाण्यामागे पळीभर तेल. गणिताची ती पाठशाळा बाजाराच्या अशा लहान लहान देण्यांवर चालत होती. सिद्धान्ताच्या गौरवाइतक्याच निष्ठेने तेलाची पळीही दगडात कोरली गेली, हे हिशेब जाणणाऱ्या वाचकाला विशेष भावेल.

त्याच डोंगरात नागार्जुन कोठडी आहे. नाव नागार्जुनाचे, परंतु लेणे जैन. आत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, यक्ष आहे, अंबिका आहे. पेठ उठली, श्रावक पांगले. मूर्ती ओळखणारे उरले नाहीत, तेव्हा लोकांनी आपल्या परीने नाव ठेवले. त्यात लोकांचा दोष नाही. वर ना पूजा, ना दिवा. आरंभी डोळ्यांना केवळ काळोख दिसतो. थोडे थांबल्यावर पद्मासनाची रेषा उमटू लागते. येथे घाई करू नये.

चाळीसगावहून धुळ्याकडे जाताना लळिंगचा किल्ला दूरवरून दिसतो. धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळासाठी वेगळा दिवस राखावा. तासाभरात उरकण्याची ती जागा नव्हे.

पुढे साक्री तालुक्यातील माळरान लागते. बुराई नदीच्या काठी वसलेले बळसाणे तसे आडवळणाचेच गाव. येथेही प्राचीन मंदिरांचा समूह आहे. कोरीव खांब, नक्षीदार द्वारशाखा, काही भाग ढासळलेला. परंतु याच गावी श्री विमलनाथ भगवानांचे तीर्थ आहे आणि दूरदूरहून यात्रेकरू येतात. पाटणच्या रानातून आलेल्यास हा फरक तत्काळ जाणवतो. इथे मूर्तीचे नाव विचारावे लागत नाही. सोबतच्या मुलांना वराहाचे लांछन दाखवून तेरावे तीर्थंकर ओळखायला शिकवावे, म्हणजे पुढच्या वेळी कोठडीतील काळोखातही ती लांछन शोधू लागतील.

ही वाट दिवाळीनंतर धरावी. पावसाळ्यात डोंगराची पायवाट निसरडी होते. पाणी आणि विजेरी सोबत असावी. चौविहार पाळणाऱ्यांनी पाटण व बळसाणे एका दिवसात बसवू नये. धुळ्यात मुक्काम करून सकाळी लवकर निघावे, म्हणजे दर्शन आणि भोजन दोन्ही सूर्यास्ताच्या आत निवांत होतात.