कानांनी वाचलेली ‘कुसुमबाले’

देवनूर महादेव यांची ‘कुसुमबाले’ १९८४ साली आली. कादंबरी अंगाने लहान, पण शिकलेसवरलेले कन्नड वाचकही तिच्यात अडखळतात. तिची भाषा शाळेतली नाही. नंजनगूड-चामराजनगर पट्ट्यातल्या दलित वस्त्यांची ती बोली, आणि तीही बोलता बोलता गाण्याच्या लयीत शिरणारी. काळ मागेपुढे होतो, बोलणारा कोण हे सांगायची तसदी लेखक घेत नाही. १९९० मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, म्हणून ती सोपी झाली असं नाही.

माझं कन्नड म्हैसूरच्या पाट्या आणि वर्तमानपत्रं वाचून आलेलं. ते इथे काय पुरणार?

टी. नरसीपूर रस्त्यावरच्या वरुणा गावात आमच्या ओळखीचं एक शेतकरी घर आहे. तिथल्या अज्जीला अक्षरओळख नाही. नातवाला पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं. मी जिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं होतं, नेमकी तिथेच अज्जी खुदकन हसली. जोतम्मांचा भाग आला. रात्री दिवे मालवले की ज्योती घराबाहेर पडतात, एकत्र जमतात आणि आपापल्या घरातलं सगळं बोलून टाकतात. “हे काय पुस्तकातलं? आमची आजी सांगायची,” अज्जी म्हणाली. मूळचे म्हैसूरचेच असलेल्या ए. के. रामानुजन यांनी नोंदवलेल्या एका कन्नड लोककथेतही गावभरच्या ज्योती रात्री मारुतीच्या देवळात गप्पा मारतात. समीक्षक ज्याला जादुई म्हणतात, ते इथे घरचंच निघालं.

मराठीला हे नवं नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ वऱ्हाडी कानाला जशी कळते तशी पुण्याच्या डोळ्याला कळत नाही. ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनाही नामदेव ढसाळांकडून शब्द समजून घ्यावे लागले होते. दुर्बोध म्हणजे कुणाला दुर्बोध, हे आपण विचारतच नाही.

पण बोली कळली की सगळं सुटतं, असंही नव्हे. दलित चन्ना आणि वरच्या जातीची कुसुमा यांचं प्रेम, त्यातून चन्नाचा खून. महादेव हे सरळ रेषेत सांगत नाहीत. तिथे अज्जीही नातवाला थांबवून विचारायची, “आता कोण बोलतंय रे?” त्याला सांगता येईना, मलाही नाही.

महादेवांच्याच ‘ओडलाळ’मध्ये एक म्हातारी हरवलेला कोंबडा शोधत हिंडते, असं मी सांगितलं. अज्जी म्हणाली, “ते आधी का नाही आणलंस, पोरी?”